नवरीच्या तयारीचे फोटो आणि त्यामागची तयारी

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न गेल्या माघात सांगलीला झाले. मांडव, जेवण, आहेर, पाहुण्यांची उतरण्याची सोय या सगळ्या कामांना घरात माणसे होती. परंतु लग्नाच्या सकाळी नवरी तयार होत असताना जे फोटो काढले जातात, त्यांची व्यवस्था पाहणे हेही एक स्वतंत्र काम आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. फोटोग्राफर ठरवला, पैसे दिले, की फोटो येतात, असाच सर्वांचा समज होता. बहिणीने ते काम माझ्यावर सोपवले आणि मी त्यात पुरती गुंतले. त्या काळात माझे एक मत पक्के झाले. हे फोटो चांगले येणे कॅमेऱ्यावर फारसे अवलंबून नसते. ते गुरुजींच्या वेळापत्रकावर, खोलीच्या खिडकीवर आणि दारात कोण उभे आहे यावर अवलंबून असते.

आम्ही ठरवलेल्या फोटोग्राफर मॅडम पुण्याच्या होत्या. आगाऊ रक्कम पोचताच त्यांनी एक तयार यादी पाठवली. हँगरवर टांगलेला पोशाख, सँडल, अत्तराची बाटली, अंगठीची डबी, एकसारखे रोब घातलेल्या मैत्रिणी आणि शेवटी सजलेल्या मुलीला वडील प्रथमच पाहतात तो क्षण, असे तिचे स्वरूप होते. ज्या लग्नात मुलगी एकच पोशाख घालून एकदाच तयार होते आणि तशीच समारंभाला जाते, त्या लग्नाला ती यादी शोभते. आमच्याकडे तसे नसते. नवरी मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसते, तिथून मामा तिला अंतरपाटाशी आणतो, कन्यादान त्याच साडीत होते, आणि पुढे होमाच्या वेळी ती सासरकडचा शालू नेसून येते. म्हणजे तयार होणे दोनदा घडते, आणि दुसऱ्या वेळी तर गुरुजी होमकुंडापाशी वाट पाहत बसलेले असतात. शिवाय पिवळ्या साडीतली नवरी मुंडावळ्या बांधल्याशिवाय पुरी होत नाही, आणि मुंडावळ्यांचा त्या यादीत पत्ताच नव्हता.

म्हणून बहीण, आजी आणि मी अशा तिघींनी बसून आमची यादी केली. सँडल आणि अत्तर काढून टाकले. त्यांच्या जागी नथ, ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, वाकी, तोडे, आदल्या दिवशी भरायचा हिरवा चुडा, मुंडावळ्या, कुंकवाची चांदीची कोयरी आणि आजीची जुनी येवल्याची पैठणी आली. रोबचा विषय बहिणीनेच निकालात काढला. भाड्याने मिळणारे ते गुलाबी सॅटिनचे रोब घालून आत्या आणि मावशी एका ओळीत उभ्या आहेत, ही कल्पनाच तिला सहन होईना. वडिलांच्या त्या ठरवून घडवलेल्या क्षणालाही तिने नकार दिला. आमचे बाबा कॅमेऱ्यापुढे सांगितल्याबरहुकूम भारावून जाणाऱ्यांतले नाहीत, हे तिला चांगले ठाऊक होते. मॅडमना हे सारे कळवले तेव्हा त्या नाराज झाल्या नाहीत. कोणता विधी किती वाजता आहे आणि त्या वेळी नवरीच्या अंगावर काय असेल, एवढे मात्र लिहून द्या, असे त्यांनी सांगितले.

तिथेच पहिला अडसर उभा राहिला. मुहूर्त दुपारी १२ वाजून ८ मिनिटांचा होता आणि गुरुजींनी ग्रहमख, पुण्याहवाचन व देवक हे लग्नाआधीचे विधी त्याच सकाळी ८ वाजता धरले होते. त्या विधींना आई-बाबा आणि नवरी असे तिघेही पाटावर हवेत. आई मुलीला नथ घालते आहे असा फोटो हवा, तर त्या वेळी आई देवकापुढे आणि मुलगी अर्ध्या मेकअपमध्ये तिच्या शेजारी, हे कसे जमायचे? गुरुजींना फोटोसाठी विधी हलवा असे सांगण्याचा मला संकोच वाटत होता. शेवटी आजीला पुढे करून विचारले, तर ते म्हणाले, “त्यात काय, ग्रहमख आदल्या दिवशी घरीच उरकून घेऊ. हल्ली निम्मे यजमान तसेच करतात. उलट देवक एकदा बसले की सोयरसुतकाचीही काळजी राहत नाही.” त्यामुळे ग्रहमख, देवक आणि हळद हे सगळे आदल्या दिवसावर गेले आणि लग्नाची सकाळ गौरीहरापर्यंत मोकळी झाली. फोटोंच्या दृष्टीने एवढा मोठा फरक नंतर कशानेच पडला नाही.

मग वेळेचा हिशेब उलट्या बाजूने मांडला. मुलगी सव्वाअकराला गौरीहरापुढे बसली पाहिजे. मेकअपला दीड तास, केसांना पाऊण तास, नऊवारीला अर्धा तास, दागिन्यांना वीस मिनिटे आणि त्यानंतर खिडकीपाशी निवांत काढायच्या फोटोंना चाळीस मिनिटे, असे धरले तर पावणेसातला खुर्चीवर बसणे भाग होते. सांगलीत त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा मेकअपचा सुरुवातीचा भाग दिव्यातच होणार होता. पण त्याची अडचण नव्हती. चेहऱ्यावर नुसते फाउंडेशन लावलेले असताना, ओठ फिके आणि भुवया अर्ध्या असताना काढलेला फोटो कोणत्याच मुलीला आवडत नाही, आणि मॅडमनाही मेकअपचे शेवटचे हात तेवढे हवे होते. त्यांनी पावणेआठला यावे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दागिन्यांचे फोटो आधी उरकावेत, असे ठरले. या हिशेबात साडेदहा ते सव्वाअकरा ही पाऊण तासाची मोकळीक मी मुद्दाम ठेवली होती आणि ती कोणालाही सांगितली नव्हती. मेकअप करणाऱ्या ताईंना सव्वादहाची वेळ सांगितली, घरच्यांना दहाची. मोकळा वेळ आहे असे जाहीर केले की तो पहिल्या तासातच संपतो.

खोलीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. कार्यालयात वधूपक्षाला तळमजल्यावरची खोली होती. तिला एकच खिडकी, तीही धुरकट काचेची, आणि बाहेर मुदपाकखान्याचे पत्र्याचे छप्पर. भिंतींना पिस्त्याच्या रंगाचा तकतकीत तैलरंग होता. मॅडमनी मोबाइलवर तिथले फोटो मागवले आणि लगेच फोन केला. अशा भिंतीजवळ बसलेल्या माणसाच्या गालावर तिचा हिरवा रंग उतरतो आणि तो नंतर संगणकावर काढायला गेले तर त्वचेचा मूळ रंगही बिघडतो, असे त्या म्हणाल्या. दिव्यांविषयीही त्यांनी समजावले. दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा असतो आणि पिवळ्या बल्बचा सुमारे २,७०० केल्विनचा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी दिसतो, कारण कॅमेऱ्याला दोन्हींपैकी एकालाच पांढरे मानता येते. आपला डोळा हा फरक पोटात घालतो, म्हणून तो खोलीत उभे असताना कोणाला जाणवत नाही. तेव्हा एक चांगली खिडकी शोधायची आणि तिच्यासमोर फोटो काढताना खोलीतले बाकी सगळे दिवे बंद ठेवायचे, एवढेच त्यांचे मागणे होते.

कार्यालयाच्या व्यवस्थापकांना घेऊन मी सगळी इमारत पालथी घातली. वरपक्षाची खोली उत्तम होती, पण ती मागण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नाआधीच विहीणबाईंच्या खोलीवर डोळा, हे गावभर झाले असते. शेवटी वरच्या मजल्यावर गाद्या-उशा ठेवण्याची एक लांबट खोली सापडली. तिला उत्तरेला एक आणि पूर्वेला एक अशा दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि भिंतींना साधा पांढरा चुना होता. उत्तरेच्या खिडकीत त्या दिवसांत थेट ऊन येत नाही, त्यामुळे तिथला उजेड सकाळभर सारखा राहतो. पूर्वेच्या खिडकीतून मात्र आठनंतर कडक ऊन आत येणार होते, आणि अशा उन्हात नाकाची आणि नथीची सावली ओठांवर काळी पट्टी उमटवते. व्यवस्थापकांनी निम्म्या गाद्या हलवून दिल्या, उरलेल्या एका भिंतीला लावून त्यांवर पांढरी चादर टाकू दिली आणि त्या खोलीचे वेगळे भाडेही घेतले नाही.

पूर्वेच्या खिडकीवर काय लावावे, यावर आजीने तोडगा सुचवला. आजोबांचे धुऊन ठेवलेले पांढरे धोतर तिने ट्रंकेतून काढून दिले. धोतराचे कापड पातळ आणि सलग असते, शिवाय ते दुहेरी घडी करूनही खिडकीला पुरते. आम्ही ते पडद्याच्या दांडीवर टाकून चिमटे लावले आणि मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी सांगितले की त्या आणतात त्या घडीच्या पांढऱ्या पडद्यापेक्षा हे मोठे आहे, तेव्हा आता त्यांचा पडदा त्या आणणार नाहीत. धोतराची काठाची बारीक तांबडी किनार एका फोटोत खिडकीच्या कडेला दिसते. ती काढून टाकू का, असे त्यांनी नंतर विचारले होते. आम्ही नको म्हटले.

गाद्यांच्या खोलीत विजेची एकच सॉकेट होती, तीही ६ अँपिअरची. तिच्यावर साधारण १,३८० वॅटपर्यंतचाच भार घेता येतो. साडीची इस्त्री हजार वॅटची, केस वाळवायचे यंत्रही तेवढेच, केस कुरळे करण्याचे आणखी वेगळे. दोन्ही एकदम लावली तर फ्यूज उडणार आणि त्याच ओळीवर मुदपाकखान्याचे मिक्सर असले तर आचारीबुवांचा शंख होणार. म्हणून साड्यांच्या इस्त्रीचे सगळे काम घरी आदल्या रात्री करायचे आणि केस पहाटे घरीच धुऊन वाळवून यायचे, असा नियम केला. मेकअपच्या ताईंनीही ओल्या केसांपेक्षा आदल्या दिवशी धुतलेल्या केसांत खोपा घट्ट बसतो असे सांगितले, तेव्हा पहाटेचे केस धुणेही रद्द झाले. हळदीनंतर लगेच, संध्याकाळीच ते झाले.

हळदीचा विषय इथे थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण तो फोटोंच्या यादीत कुठेच नसतो. वराकडून आलेली उष्टी हळद लावायला घरच्या बायका बसल्या की हात आखडता घेत नाहीत, आणि मानेवर, कानामागे, केसांच्या कडेला राहिलेला पिवळेपणा दुसऱ्या दिवशी मेकअपखालून वर येतो. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने घासून त्वचा लाल करण्यापेक्षा आधी खोबरेल तेलाने हलके पुसून मग डाळीचे पीठ आणि दुधाने धुवावे, असे ताईंनी सांगितले होते. तसेच केले. तरीही मेंदीच्या कडेला आणि नखांत थोडी हळद राहिलीच, आणि ती फोटोत दिसते. पण हाताचे पिवळेपण नवरीला शोभते, चेहऱ्याचे तेवढे शोभत नाही.

मेकअपची चाचणी आम्ही आधी दिवसाउजेडी घेतली होती आणि त्या वेळी नथ आणि मुंडावळ्या दोन्ही घालून पाहिल्या होत्या. यातून दोन गोष्टी कळल्या. मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी कपाळावरून दोन्ही कानांवर उतरतात, त्यामुळे कानातले मोठे असेल तर तिथे नुसता गुंता दिसतो. बहिणीने झुबे रद्द करून कुड्या घेतल्या. दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्यावर शेवटी मारतात ती पांढरी बारीक पावडर. तिच्यात सिलिका असते, आणि ती साध्या डोळ्यांना दिसत नसली तरी फ्लॅश पडला की डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे डाग दिसतात. खिडकीच्या उजेडात ती खपून जाते. मांडवात, जिथे फ्लॅश उडणार, तिथे खपत नाही. ताईंनी ती पावडर बदलली.

दागिने बहुतेक घरचेच होते, फक्त साज कोल्हापूरच्या गुजरीतून नवा केला होता. लॉकर आधीच उघडून ठेवला, प्रत्येक दागिना मऊ मलमलीने पुसला, आणि कागदावर नावानिशी यादी करून ती आत्याच्या हाती दिली. फोटोसाठी दागिने मांडायचे म्हणजे ते तासभर उघड्यावर राहतात, आणि लग्नघरात त्या खोलीत कोण येईल याचा नेम नसतो. दागिन्यांपाशी आत्या बसणार आणि फोटो होईपर्यंत ती जागेवरून उठणार नाही, असे ठरले होते आणि ती खरोखरच उठली नाही, चहाही तिने तिथेच मागवला. मोत्यांचे दागिने मात्र सर्वांत शेवटी घालायचे होते, कारण केसांवर मारायच्या फवाऱ्याने आणि अत्तराने मोत्यांचे पाणी उतरते.

बाकीची तयारी लहान लहान गोष्टींची होती, पण फोटोत त्याच गोष्टी बोचतात. घड्याळ आणि मनगटावर अडकवलेले केसांचे रबर आदल्या संध्याकाळपासूनच काढायला लावले, कारण त्यांचे वळ तासन्‌तास जात नाहीत. सकाळी अंगावर घालायला समोरून बटणे असलेला फिकट सुती कुडता शिवून घेतला, म्हणजे खोपा आणि मेकअप झाल्यावर डोक्यावरून काही ओढून काढावे लागत नाही. घरातला एकुलता एक लाकडी हँगर घेतला. गजऱ्यांना माघात मोगरा मिळत नाही, मिळाला तर सोन्याच्या भावाने. म्हणून कुंद आणि अबोलीचे गजरे सांगितले, ते ओल्या फडक्यात गुंडाळून केळीच्या पानात ठेवले आणि केसांत माळायच्या वेळीच उघडले. व्हिडिओवाल्यांना त्या खोलीत त्यांचा दिवा लावायचा नाही हे आधीच सांगितले. ते कुरकुरले. मांडवात हवे तेवढे दिवे लावा, इथे नको, असे म्हणून मी त्यांची समजूत घातली.

लग्नाच्या सकाळी साडेसहाला आम्ही कार्यालयात पोचलो. नवरीने मुहूर्तापर्यंत काही खायचे नाही, असे आजीचे म्हणणे. रिकाम्या पोटी पाच तास बसून मुलगी पांढरीफटक पडेल, असे माझे. दूध आणि केळे यांवर तडजोड झाली, आणि ते ओठांना रंग लागण्यापूर्वी पोटात गेले. बहीण चष्मा लावते, तेव्हा लेन्स मेकअपच्या आधी घातल्या, म्हणजे डोळ्यांत पाणी यायचे ते आधीच येऊन गेले.

पावणेआठला मॅडम आणि त्यांच्या साहाय्यक आल्या. त्यांनी आधी खोलीत एक फेरी मारली आणि एक मोठी वेताची टोपली मागितली. पिशव्या, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कागदी पेले, कोणाची तरी पर्स असे जे जे चौकटीत येऊ शकत होते ते सगळे त्यांनी त्या टोपलीत भरून ती दाराबाहेर ठेवली. नंतर उत्तरेच्या खिडकीखाली आजीची पैठणी पसरली, तिच्या पदरावरच्या मोरांच्या मध्ये जागा सोडून दागिने मांडले. नथीचा फोटो त्यांनी अगदी जवळून, वेगळे भिंग लावून काढला. मला वाटले होते की तो एका मिनिटात होईल. त्या पंधरा मिनिटे नथ एकेका अंशाने फिरवत होत्या, कारण मोत्याच्या गोलाईत सगळी खोली उमटते आणि त्यात त्यांचा स्वतःचा काळा कॅमेराही दिसत होता. शेवटी त्यांनी एक पांढरा कागद नथीसमोर असा धरायला लावला की मोत्यात खिडकीचा उजळ चौकोन तेवढा राहिला आणि मधला लाल खडा आतून पेटल्यासारखा दिसू लागला. तो कागद म्हणजे आमच्याच लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू होती.

केसांना ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. खोप्यात भर घातली, पिना लावल्या, आणि मग आजीने पाहून तो फार वर आहे असे सांगितले, कारण त्यावर मुंडावळ्यांची गाठ मागे बसेना. आजीचे म्हणणे बरोबर होते. खोपा उतरवून पुन्हा बांधला. राखून ठेवलेल्या पाऊण तासातली वीस मिनिटे तिथे गेली, पण कोणाच्या आवाजात घाई आली नाही, आणि फोटोत ती दिसलीही नाही. घाईच्या सकाळी काढलेल्या फोटोंत सगळ्या बायकांच्या भुवया आक्रसलेल्या असतात, हे मी इतर लग्नांच्या अल्बमांत पाहिले आहे.

नऊवारी नेसवताना मॅडमना आत थांबू द्यायचे की नाही, हे आम्ही आधीच बोलून घेतले होते. पोलके आणि पहिले वेढे होईपर्यंत खोलीत फक्त काकू आणि मी. कासोटा घालून झाला की मॅडमनी आत यायचे, त्यांच्या साहाय्यकांनी बाहेर थांबायचे. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. ते सरळ पसरायला लांबट खोलीचा फार उपयोग झाला. काकू नेसवत होत्या, निऱ्या चिमटीत धरून एकेक मोजत होत्या आणि बहीण हात वर करून उभी होती, म्हणजे हिरवा चुडा वर सरकून कोपरापाशी अडकला होता. तोच फोटो तिने नंतर सर्वांना पाठवला. त्यात तिचा चेहरा अर्धाच दिसतो.

नऊनंतर दाराशी गर्दी सुरू झाली. “बघू दे तरी नवरीला,” म्हणत लांबून आलेल्या काक्या, आज्या, शेजारणी येऊ लागल्या, आणि त्यांना परत पाठवणे म्हणजे मानपानाचा प्रश्न. दागिने अंगावर चढल्यामुळे आत्या मोकळी झाली होती. तिला दारात उभे केले. ती प्रत्येकीला सांगायची, “आत साडी नेसवताहेत, दहा मिनिटांत पहिल्यांदा तुम्हालाच बोलावते.” आत्याने असे किती जणींना पहिल्यांदा बोलावले ते देव जाणे. मोबाइल घेतलेल्या मावसबहिणींना मात्र मी आत घेतले, पण खिडकीच्या बाजूला उभे राहायचे नाही या अटीवर, कारण खिडकी आणि नवरी यांच्या मध्ये कोणी आले की सगळा उजेड तिथेच अडतो.

नथ आईने घातली. आमची नथ दाबाची आहे, त्यामुळे ती शेवटच्या क्षणी घालता येते आणि पुसलेली लिपस्टिक पुन्हा लावता येते. मॅडमनी आईला एवढेच सांगितले होते की खिडकीकडे पाठ करू नका. बाकी काही सुचवले नाही. आईला नथीची कळ सापडेना, तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला, बहीण हसू लागली, आणि हसताना नाकपुडी हलत असल्याने नथ आणखीच लागेना. हे सगळे त्यांनी टिपले. मुंडावळ्या आजीने बांधल्या. त्याच वेळी बाबा धोतर-उपरण्यात वर आले, कोठीची किल्ली कोणाकडे आहे हे विचारायला. त्यांनी दारातून प्रश्न अर्धा विचारला आणि मग तो पुरा करायचे राहून गेले. मॅडम खिडकीपाशी होत्या, तिथूनच त्यांनी दोन फोटो घेतले. किल्ली माझ्याच कमरेला होती, ती घेऊन ते खाली गेले.

सव्वाअकराला मुलगी गौरीहरापुढे बसली. त्या वेळी मॅडमनी फ्लॅश वापरला नाही आणि गुरुजींच्या उजव्या हाताला जागा धरली. मामा न्यायला आला तेव्हा त्या आधीच मांडवात पोचल्या होत्या, कारण अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवा होता.

होमाआधीच्या शालूच्या वेळी फार काही करता येणार नाही, हे आम्ही गृहीतच धरले होते. पंधरा मिनिटे मिळाली. शालू सहावारी होता, आदल्या रात्री निऱ्या घालून, पिना लावून तयार ठेवला होता, त्यामुळे तो चटकन नेसवून झाला. साहाय्यकांनी दारातून पाठमोरे चार-पाच फोटो घेतले: गळ्यातले नवे मंगळसूत्र सरळ करणारा काकूंचा हात, जमिनीवर पडलेली पिवळी अष्टपुत्री, वाट्याला आलेला पाण्याचा पहिला पेला. मांडून घेतलेल्या फोटोंपेक्षा हे मला अधिक आवडले, पण अल्बमात घ्यायला बहीण तयार झाली नाही. तिच्या मते त्यात ती दमलेली दिसते, आणि ती दमली होतीच.

फोटो निवडण्याचे काम लग्नाइतकेच चालले. बहिणीने चुडा कोपरात अडकलेला, नथ लागत नसलेला आणि बाबा दारात असलेला असे फोटो मोठ्या पानांवर घेतले. आईला त्यांतला एकही पसंत नव्हता. एकात तोंड अर्धे, एकात तिचा स्वतःचा चष्मा वाकडा, एकात बाबांच्या हाताला कोठीच्या हिशेबाचा कागद. सगळे जण नीट उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे पाहत आहेत असा एक तरी फोटो असावा, असे तिचे म्हणणे होते. तो गावातल्याच नेहमीच्या फोटोग्राफरकडे सापडला, ज्यांना बाबांनी कोणालाही न विचारता बोलावून ठेवले होते. आईने तो मोठा करून घेतला आणि बैठकीत सध्या तोच लावलेला आहे.